जुना स्टीरिओ अॅम्प घरीच दुरुस्त करायचाय? आधी सिरीज बोर्ड बनवा

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरी माळ्यावर आजोबांचा अॅम्प्लिफायर पडलेला असायचा, लाकडी कॅबिनेट, पुढे अॅल्युमिनियमचे मोठे नॉब, प्रत्येक चॅनेलला ३० वॅट. दरवर्षी गणपतीत खाली यायचा, दहा दिवस आरत्या-भजनं वाजवायचा आणि परत चादरीत गुंडाळून वर जायचा. एका वर्षी लावला तर डावीकडून आवाजच नाही आणि उजवीकडून नुसतं भ्रूंऽऽ. बाबा म्हणाले दे भंगारवाल्याला, आता ब्लूटूथचे स्पीकर येतात. मी नाही दिला. तीन रविवार गेले, सामानाला पाचशेच्या आसपास लागले, आणि आज त्याच खोलीत त्याच अॅम्पवर आमच्या इंदूरच्या अमीर खाँ साहेबांचा विलंबित खयाल लागतो तेव्हा बाबा स्वतः येऊन खुर्ची ओढून बसतात. त्यानंतर मावशीचा केला, देवासच्या काकांचा केला, ओळखीच्यांचे आणखी तीनचार केले, म्हणून हे लिहितोय, ज्यांनी आजवर असा डबा कधी उघडलेलाच नाही त्यांच्यासाठी.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. अंदाजाने पार्ट बदलायचे नाहीत. "बहुतेक आयसी गेला असेल", "कंडेन्सर टाकून बघू" असं करत करत चांगला अॅम्प मरतो (आयसी म्हणजे अनेक पार्ट एकाच तुकड्यात, कंडेन्सर म्हणजे कपॅसिटर, वीज साठवणारा पार्ट). आधी बघायचं, मग मोजायचं, आणि मोजलेलं पटलं की मगच सोल्डरिंग आयर्न गरम करायचं.

आणि दुसरं, तुमच्याकडे व्हॉल्व्हवाला म्हणजे काचेच्या नळ्यांचा सेट असेल तर हा लेख त्याच्यासाठी नाहीये. त्यात तीनचारशे व्होल्ट डीसी असतं, नवख्या माणसाने त्यात हात घालू नये. इथे फक्त ट्रान्झिस्टर किंवा आयसीवाल्या अॅम्पबद्दल बोलतोय.

उघडायच्याही आधी

मावशीच्या अॅम्पमधून आवाज येत नव्हता, लोकमान्य नगरला गेलो, पेचकस (स्क्रूड्रायव्हर) वगैरे घेऊन, आणि पाच मिनिटांत कळलं की पुसताना टेप मॉनिटरचं बटण दाबलं गेलं होतं. ते दाबलेलं असलं की अॅम्प टेप डेकच्या सिग्नलची वाट बघत बसतो आणि बाकी सगळे इनपुट बंद. त्यामुळे आधी बाहेरचं सगळं बघा: टेप मॉनिटर, म्यूट, स्पीकर ए-बी स्विच, बॅलन्सचा नॉब मध्ये आहे का, हेडफोनच्या भोकात काही अडकलंय का. काही अॅम्पना मागे प्री-आउट आणि मेन-इन जोडणारे छोटे धातूचे यू आकाराचे तुकडे असतात, ते हरवले तरी आवाज येत नाही.

एकच बाजू बंद असेल तर अदलाबदल करून बघा. मागे डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी बदला. बंद बाजू स्पीकरबरोबर सरकली तर स्पीकर किंवा त्याची वायर खराब. नाही सरकली तर वायरी परत जागेवर लावा आणि इनपुटच्या पिना बदला, तेव्हा सरकली तर मोबाइलची केबल किंवा सोर्स खराब. दोन्हीवेळा नाही सरकली तर दोष अॅम्पच्या आत. अदलाबदल करताना दरवेळी अॅम्प बंद करायचा बरं का, चालू अॅम्पवर स्पीकरच्या वायरी एकमेकींना लागल्या तर आउटपुट ट्रान्झिस्टर, म्हणजे स्पीकरला ताकद देणारे, तिथल्या तिथे जाऊ शकतात.

मागची पट्टीही वाचा. कोणी बाहेरून आणलेला सेट असेल तर व्होल्टेजचा स्विच ११० वर असू शकतो, आणि जपानच्या बाजारातला सेट तर १०० व्होल्टचाच असतो, तो सरळ आपल्या २३० वर लावला की ट्रान्सफॉर्मर गेलाच म्हणून समजा.

सिरीज बोर्ड

हे या कामातलं सगळ्यात कामाचं अवजार आणि ते विकत घ्यावं लागत नाही. एक लाकडी बोर्ड, एक बल्ब होल्डर, एक थ्री-पिन सॉकेट, एक स्विच. फेजची वायर स्विचमधून होल्डरमध्ये, होल्डरमधून सॉकेटमध्ये, न्यूट्रल आणि अर्थ सरळ सॉकेटला. म्हणजे अॅम्पला जाणारा सगळा करंट बल्बमधूनच जाणार. बल्ब तारेचाच पाहिजे, जुना पिवळा, एलईडी अजिबात चालत नाही. छोट्या अॅम्पला ६० वॅट, मोठ्याला १०० वॅट. असे बल्ब आता सगळीकडे मिळत नाहीत पण महाराणी रोडला इलेक्ट्रिकच्या दुकानांत विचारा. वायरिंगची सवय नसेल तर हा बोर्ड तुमच्या ओळखीच्या वायरमनकडून करून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे, "सिरीज बोर्ड पाहिजे" एवढं म्हटलं की त्याला कळतं.

हे का? आत काही शॉर्ट असेल तर सरळ लाइन दिल्यावर फ्यूज उडतो, किंवा फ्यूज उडायच्या आधी नवा टाकलेला ट्रान्झिस्टर उडतो. सिरीज बोर्डावर मात्र बल्ब फुल पेटतो, जास्तीचं व्होल्टेज स्वतःवर घेतो आणि अॅम्प वाचतो. बल्ब क्षणभर झगमगला आणि मग मंद झाला तर सगळं बरं चाललंय, ती पहिली झगमग म्हणजे मोठे कंडेन्सर भरतायत. झगमगतच राहिला तर शॉर्ट आहे, लगेच बंद.

देवासच्या काकांच्या अॅम्पमध्ये हे कोणी केलं नव्हतं. आधीच्या मेकॅनिकने फ्यूज वारंवार उडतोय म्हणून त्याच्यावर तांब्याची तार गुंडाळून दिली होती, आणि मग जे उडायला हवं होतं ते न उडाल्यामुळे ट्रान्सफॉर्मर जळला. ट्रान्सफॉर्मर परत गुंडाळून घ्यावा लागला आणि त्याचा खर्च बाकी सगळ्या दुरुस्तीपेक्षा जास्त झाला. मला ते बघून खरंच वाईट वाटलं, कारण मूळ दोष होता एका ट्रान्झिस्टरचा. फ्यूज जितक्या अँपिअरचा लिहिलाय तितक्याचाच टाका, स्लो-ब्लो (सावकाश उडणारा) लिहिलं असेल तर स्लो-ब्लोच.

झाकण काढल्यावर

प्लग काढलेला पाहिजे, स्विच बंद केलाय यावर भागवू नका. आणि प्लग काढला तरी आतले मोठे फिल्टर कंडेन्सर (पॉवर सप्लायचे) भरलेले असू शकतात. ३०-४० वॅटच्या अॅम्पमध्ये साधारण प्लस ३५ आणि मायनस ३५ व्होल्ट असतं, दोन्हींच्या मध्ये ७०. एक किलोओहम ५ वॅटचा रेझिस्टर घ्या, त्याच्या दोन्ही पायांना वायर आणि क्लिपा लावा, प्रत्येक कंडेन्सरच्या दोन टोकांना लावून अर्धा मिनिट धरा. ४७०० मायक्रोफॅरडचा असेल तर २५ सेकंदांत रिकामा होतो. नंतर मीटरने, म्हणजे मल्टिमीटरने, बघा शून्याजवळ आलं का. पेचकसाने शॉर्ट करून ठिणगी काढणारे खूप आहेत, तसं करू नका, कंडेन्सर आणि बोर्ड दोन्हीला मार बसतो. मेन स्विच आणि फ्यूजच्या उघड्या टोकांवर इन्सुलेशन टेप लावून टाका, चालू असताना मोजायची वेळ आली तर चुकून हात लागायला नको. चालू अॅम्पवर मोजताना एक हात पाठीमागे, पायात रबराची चप्पल, अंगठी आणि घड्याळ काढून.

मग आधी फोटो. वरून, बाजूने, प्रत्येक कनेक्टरचा. वाटेल तितके काढा, परत जोडताना तेच वाचवतात. मग धूळ, रंगाच्या कोरड्या ब्रशने आणि हवेच्या ब्लोअरने, तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा जातो. मग चांगल्या उजेडात नुसतं बघत बसा. घाई करू नका, अर्धे दोष डोळ्यांनीच सापडतात. फुगलेला किंवा तळाशी चिकट झालेला कंडेन्सर, काळा पडलेला रेझिस्टर, बोर्डावर करपलेला तपकिरी डाग, तुटलेली वायर. माझ्याकडे आलेल्या एका अॅम्पमध्ये चक्क पाल मरून सुकली होती, बोर्डावरच्या दोन ट्रॅकच्या (तांब्याच्या पट्ट्यांच्या) मध्ये, तिनेच शॉर्ट झाला होता. माळ्यावर ठेवलेल्या सामानात मुंग्यांची मातीही खूप निघते, ती पावसात ओलावा धरते.

पहिल्यांदा लाइन देताना

स्पीकर लावलेले नाहीत, इनपुटला काही नाही, व्हॉल्यूम शून्यावर. सिरीज बोर्डावर लावा. बल्ब मंद झाला तर मीटर डीसीवर करून फिल्टर कंडेन्सरवरचं व्होल्टेज बघा. प्लस आणि मायनस साधारण सारखेच यायला हवेत. एक ३० आणि दुसरं ८ असं आलं तर त्या बाजूचा डायोड, कंडेन्सर किंवा त्या बाजूवर लोड टाकणारं काहीतरी बिघडलंय.

आता सगळ्यात महत्त्वाचं मोजमाप, स्पीकरच्या टर्मिनलवरचा डीसी, ज्याला ऑफसेट म्हणतात. मीटर मिलिव्होल्टवर. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर छान, १०० पर्यंत चालून जातं. एखाद-दोन व्होल्ट किंवा २०-३० व्होल्ट दाखवत असेल तर स्पीकर लावायचा विचारही करू नका, ते डीसी सरळ स्पीकरच्या कॉइलला जाळतं. ज्यांच्यात स्पीकरसाठी रिले (विजेवर आपोआप लागणारा स्विच) असतो त्यांच्यात सुरू केल्यावर काही सेकंदांनी टक् असा आवाज येतो. तो टक् येत नसेल तर रिले बिघडलाय असं लगेच धरू नका, बहुतेक वेळा तो आत डीसी आलंय म्हणून स्पीकरला वाचवत असतो. अशावेळी डीसी रिलेच्या आधी, बोर्डावर मोजायचं. रिलेला वायर लावून बायपास करणं म्हणजे स्पीकर जाळायला ठेवणं. सिरीज बल्बवर व्होल्टेज कमी मिळतं म्हणूनही कधी कधी रिले लागत नाही, हे लक्षात ठेवा.

जुन्या काही अॅम्पमध्ये प्लस-मायनस असं दुहेरी सप्लाय नसतंच, एकच सप्लाय आणि स्पीकरच्या वाटेवर एक मोठा कंडेन्सर, हजार-दोन हजार मायक्रोफॅरडचा. तिथे त्या कंडेन्सरच्या आतल्या टोकाला सप्लायच्या बरोबर निम्मं व्होल्टेज पाहिजे, म्हणजे सप्लाय ४४ तर तिथे २२ च्या आसपास.

कुठला आवाज काय सांगतो

नॉब फिरवताना खरखर. हा सगळ्यात कॉमन आणि सगळ्यात सोपा. इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनर आणा, गंज काढायचा तेलकट स्प्रे नको, त्याने धूळ चिकटते. नॉबमागे जो पार्ट फिरतो त्याला पॉट म्हणतात, त्याच्या मागे पायांजवळ एक फट असते, तिथून नळीने थोडा मारा आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत २०-३० वेळा फिरवा. सिलेक्टर, स्पीकर स्विच, टेप मॉनिटर सगळ्यांना हेच. अर्धा तास वाळू द्या. आमचा डावा चॅनेल गेला होता तो यानेच आला, स्पीकर ए-बी स्विचचे कॉन्टॅक्ट काळे पडले होते, त्यामुळे तिकडून आवाजही नाही आणि भ्रूंही नाही. साफ करूनही खरखर राहिली तर पॉट बदलायची घाई नको. पॉटच्या आधीचा कपलिंग कंडेन्सर (सिग्नल जाऊ देणारा, डीसी अडवणारा) लीक होऊन पॉटवर डीसी येत असेल तरी हुबेहूब तशीच खरखर येते. पॉटच्या टोकांवर डीसी मोजा, जवळजवळ शून्य पाहिजे.

भ्रूं म्हणजे हम. व्हॉल्यूम शून्यावर करा. तरीही तितकाच हम असेल तर संशय पॉवर सप्लायवर. व्हॉल्यूमबरोबर वाढत-कमी होत असेल तर इनपुटची बाजू, केबल किंवा अर्थ. लॅपटॉप लावलाय आणि चार्जर काढला की हम जातो, तर अॅम्प ठीकच आहे. रेकॉर्ड प्लेअर असेल तर त्याची बारीक अर्थची वायर मागच्या स्क्रूला लावली आहे का बघा. हम जावा म्हणून प्लगची अर्थ पिन मात्र कापू नका, हे कळवळून सांगतो, कॅबिनेटला करंट आला तर तीच पिन जीव वाचवते.

पॉवर सप्लायचा हम सहसा फिल्टर कंडेन्सर म्हातारे झाल्यामुळे येतो. आपली लाइन ५० हर्ट्झ, ब्रिज रेक्टिफायरनंतर (एसीचं डीसी करणारे चार डायोड) तिचे १०० होतात, आणि ते सपाट करायचं काम या कंडेन्सरचं. आत पातळ द्रव असतो, वर्षानुवर्षं उष्णतेने तो सुकतो. खात्री करायला चालू अॅम्पवर कंडेन्सरच्या टोकांवर एसी मोजतात, पण स्वस्त मीटर इथे फसवतात. आधी मीटर एसीवर करून ९ व्होल्टची बॅटरी सुलट-उलट दोन्ही बाजूंनी मोजा. दोन्ही वेळा शून्य आलं तर मीटर चांगलं. १८-२० असं काहीतरी आलं तर ते मीटर या कामाला चालणार नाही. चांगल्या मीटरवर आवाज बंद असताना अर्ध्या व्होल्टच्या वर एसी दिसलं तर कंडेन्सर बदला, दोन्ही एकदम. मायक्रोफॅरड तितकेच किंवा थोडे जास्त, व्होल्ट तितकेच किंवा जास्त, कधीच कमी नाही, आणि १०५ डिग्रीचे घ्या. प्लस-मायनस उलटा लावला तर फुटतो, म्हणून एक काढा, एक लावा, मग दुसरा.

चालता चालता आवाज जातो आणि थापटलं की येतो, हा ड्राय सोल्डर. कुल्फीच्या लाकडी काडीने चालू अॅम्पमध्ये एकेक पार्ट हळूच दाबत जा, जिथे आवाज येतो-जातो तिथलं सोल्डर भिंगातून बघा, पायाभोवती बारीक गोल भेग दिसेल. गरम होणाऱ्या पार्टच्या पायांशी आणि सॉकेटांशी जास्त सापडते. रिले असेल आणि एकच बाजू हळू आवाजात गायब होते, मोठं केलं की येते, तर रिलेचे कॉन्टॅक्ट. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली जाड कागदाची पट्टी कॉन्टॅक्टमधून ओढा, सॅंडपेपर नको.

ट्रान्झिस्टर गेला असेल तर

बल्ब फुल पेटतोय, ऑफसेट २०-३० व्होल्ट, फ्यूज उडतो, या तिन्हीतलं काही असेल तर आउटपुट ट्रान्झिस्टर बघा. प्लग काढून, कंडेन्सर रिकामे करून, मीटर डायोडच्या खुणेवर. ट्रान्झिस्टरला तीन टोकं, बेस, कलेक्टर आणि एमिटर. २एन३०५५ सारखा धातूच्या टोपीचा असेल तर टोपी म्हणजेच कलेक्टर. बेसपासून दोन्हीकडे एका दिशेने ०.५ ते ०.७ दाखवलं पाहिजे, उलट्या दिशेने काहीच नाही. कलेक्टर ते एमिटर दोन्ही दिशांनी शून्याजवळ आलं तर शॉर्ट. बोर्डावर मोजताना बाकीचे पार्ट मध्ये येतात, संशय आला की काढून मोजा. एक गेला की त्याच्या जोडीचा, त्यांना चालवणारे ड्रायव्हर आणि ते पांढरे चौकोनी एमिटर रेझिस्टर, ०.२२ ते ०.४७ ओहमचे, सगळे मोजायचे. एकच बदलून लाइन दिली तर नवा पण जातो. बसवताना अभ्रकाची चकती आणि पांढरी पेस्ट परत लावा आणि टोपी ते हीट सिंक (ट्रान्झिस्टर थंड ठेवणारा धातूचा तुकडा) कंटिन्युटी नाही, म्हणजे दोन्ही विजेने जोडले गेलेले नाहीत, याची खात्री करा.

नवे ट्रान्झिस्टर टाकले की बायस बघावा लागतो, म्हणजे आवाज नसतानाही त्यांच्यातून वाहणारा थोडासा करंट. एमिटर रेझिस्टरवर ०.३३ ओहमला १० मिलिव्होल्ट म्हणजे ३० मिलिअँपिअर. तुमच्या मॉडेलला किती पाहिजे ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं, आणि तो सिरीज बल्बवर नाही तर पूर्ण लाइनवर सेट करायचा, अर्थात बल्बवर सगळं ठीक दिसल्यावरच.

एसटीके आयसीवाला (पॉवर अॅम्पचा भाग एकाच आयसीत असलेला) अॅम्प असेल तर बाजारात नकली फार आहेत. छपाई बोटाने पुसली जाते का बघा आणि किंमत संशयास्पद कमी असेल तर घेऊ नका. मी दोनदा फसलोय, आता शक्यतो जुन्या सेटमधून काढलेला ओरिजिनलच घेतो.

सोल्डरिंगबद्दल थोडंसं

२५ वॅटचं आयर्न, ६०/४० चं सोल्डर, जुन्या दुकानात रांगा म्हटलं तरी देतात, आणि बिरोजा, म्हणजे राळ. डब्यातली अॅसिडवाली पेस्ट बोर्डावर लावू नका, ती ट्रॅक खाते. जुने बोर्ड तपकिरी कागदी असतात, त्यांचे ट्रॅक जास्त तापवले की उचलून येतात. दोन-तीन सेकंदांत काम झालं पाहिजे, नाही झालं तर थांबा, थंड होऊ द्या, परत करा. आधी एखाद्या भंगार रेडिओच्या बोर्डावर हात बसवा, एक संध्याकाळ पुरते. खिडकी उघडी ठेवा, नंतर हात साबणाने धुवा, त्यात शिसं असतं.

सगळं झालं की परत सिरीज बोर्ड, परत ऑफसेट, मग सरळ लाइन, परत ऑफसेट, आणि मग आधी एखादा जुना, गेला तरी चालेल असा स्पीकर, हळू आवाजात तासभर. मधूनमधून हीट सिंकला हात लावा, कोमट ठीक, हात ठेववत नाही इतकं गरम झालं तर बंद करून बायस बघा. चांगले स्पीकर त्यानंतर. शोकेसमध्ये कोंबू नका, वर चार बोटं मोकळी जागा पाहिजे. कंडेन्सर दहा डिग्री थंड राहिला तर त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं आणि आपल्याकडे मे महिन्यात खोलीच तापलेली असते. आणि वर्षभर माळ्यावर टाकू नका, महिन्यातून एकदा तासभर वाजवा.

झाकण लावायच्या आधी आत एक चिठ्ठी चिकटवा, तारीख, काय बदललं, काय मोजलं. पुढच्या वेळी उघडणारा तुम्हीच असाल किंवा तुमचा मुलगा, त्याला सुरुवात कुठून करायची ते कळेल. आमच्या अॅम्पमध्ये बोर्डाच्या कडेला आजोबांच्या अक्षरात पेन्सिलने "फ्यूज २ अँप" लिहिलेलं सापडलं होतं. त्याच्या शेजारी आता माझी चिठ्ठी आहे: फिल्टर कंडेन्सर दोन, ४७०० मायक्रोफॅरड ५० व्होल्ट, स्पीकर स्विच साफ, ऑफसेट डावा १८, उजवा २३ मिलिव्होल्ट.